छप्पर न मागणारा देव

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सावंतवाडी तालुक्यातल्या एका गावात देवराई बघायला गेलो होतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. रस्ता सोपा आहे, आणि अशा जागांना पाहुणे जितके कमी तितकं बरं. सोबत गावचे गुरव होते, पंचाहत्तरीच्या पुढचे. काजूच्या बागांतून, तापलेल्या जांभ्या कातळावरून अर्धा तास चाललो आणि समोर रानाची हिरवी भिंत उभी राहिली. तिथे काही फाटक नव्हतं की पाटी नव्हती, फक्त एक चिरा आडवा ठेवलेला होता. काका म्हणाले, "चपलो हय काडा."

चिऱ्याच्या अलीकडे पाय पोळत होते, पलीकडे पहिलंच पाऊल पाचोळ्यात घोट्यापर्यंत रुतलं. वरचा पाचोळा कुरकुरीत, त्याखालचा ओलसर, त्याच्याही खाली काळी, भुसभुशीत, वासाची माती. डोळे सावरायला थोडा वेळ लागला. मग एक वेल दिसला. वेल म्हणायचा तो केवळ नावाला, कारण बुंधा माझ्या मांडीएवढा होता. जमिनीवरून वळसे घेत तो एका बेहड्यावर चढला होता, तिथून शेजारच्या झाडावर, आणि पुढे कुठे गेला ते दिसतच नव्हतं. ही गारंबी. तिची एक शेंग खाली पडली होती, माझ्या हातापेक्षा लांब, तलवारीसारखी वाकलेली. प्रत्येक कप्प्यात तपकिरी, चकचकीत बी, पेढ्याएवढं. मी ती उचलली. घरी नेऊन दाखवावी असं मनात आलं असणार. काकांनी ओरडून सांगितलं नाही, हातही धरला नाही. एवढंच म्हणाले, "ठेवा थयच."

मी ती होती तिथे ठेवली. या प्रकरणात जे सांगायचं आहे ते सगळं त्या दोन शब्दांभोवतीच फिरतं.

रानाच्या मध्यावर देव होता. मूर्ती नाही, सात-आठ पाषाण, त्यांतल्या दोनांवर शेंदूर, समोर नारळाच्या करवंट्या, विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या आणि बाजूला झिजलेली एक वीरगळ. वर आभाळ. देऊळ का नाही, असं विचारलं तेव्हा काका सहज म्हणाले, "देवाक छप्पर नको हा. तेका पाऊस होयो, वारो होयो." सह्याद्रीत आणि कोकणात हे वाक्य वेगवेगळ्या बोलींत पुष्कळ ठिकाणी ऐकायला मिळतं. देवाने छप्पर नाकारलं आहे, कुणी बांधायला घेतलं तर ते टिकत नाही, असं गावकरी खात्रीने सांगतात.

घाटमाथ्यावर देवराई, रायगड-रत्नागिरीकडे देवरहाटी, गोव्यात देवाची राय. नावं बदलतात, गोष्ट एकच. गावाने देवाच्या नावाने सोडलेलं आणि कुऱ्हाड न लावलेलं रान. महाराष्ट्रात अशा अडीच हजारांहून अधिक देवरायांची नोंद अभ्यासकांनी केली आहे. त्यांतल्या बहुतेक अगदी लहान, पाच-दहा गुंठे, एखादा एकर. पाच-पंचवीस एकरांच्या मोजक्याच. कर्नाटकात कोडगूमध्ये त्यांना देवरकाडू म्हणतात, केरळात काव, राजस्थानात ओरण, झारखंडात सरना, मेघालयातल्या खासी टेकड्यांत लॉ किंतांग. भाषा, वंश, देव यांचा एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांनी रानाचा एखादा तुकडा बाजूला ठेवावा आणि तिथे हात आवरावा, हे मला फार मोठं वाटतं.

देवराईतले देव बहुतेक पुराणांतले नसतात. काळकाई, वाघजाई, सोमजाई, शिरकाई, झोलाई, म्हातोबा, भैरव, वेताळ. दक्षिण कोकणात आणि गोव्यात सातेरी, जिचं मूळ रूप म्हणजे वारूळ. यांतल्या कित्येक जणी रागीट आहेत. त्यांना राखण द्यावी लागते, कोंबडा द्यावा लागतो, आणि त्यांच्या रानातली काठी कुणी नेली तर त्या सोडत नाहीत. दामोदर धर्मानंद कोसंबी पुणे परिसरातल्या डोंगरवाटा तुडवत या मातृदेवतांची ठाणी शोधत हिंडले. नांगर येण्याच्याही आधीच्या, शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या माणसांच्या वाटा आणि थांबे या ठाण्यांतून ओळखता येतात, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे गावाच्या आधी रान होतं आणि रानाची मालकीण होती. नंतर आलेल्या शेतकऱ्याने जंगल तोडून शेत केलं, पण मालकिणीच्या बसण्याची जागा तेवढी सोडली. देवराईकडे बघताना मला नेहमी हे आठवतं. आपण देवाला रान दिलेलं नाही. सगळंच त्याचं होतं, त्यातलं एवढंच आपण घ्यायचं ठेवलं.

इंग्रजी अमलात १८६४ मध्ये देशाचे पहिले वनमहानिरीक्षक झालेल्या डीट्रिख ब्रँडिस यांनीही निरनिराळ्या प्रांतांतल्या अशा राखलेल्या रानांची नोंद घेतली होती. पण पुढे वनखात्याच्या हिशेबात लाकूड, कोळसा, महसूल हेच आकडे मोठे झाले आणि देवराई हा शब्द गुरव-गावकारांपुरता उरला. त्यावरची धूळ झटकली ती १९७० च्या दशकात पुण्याच्या दोन शास्त्रज्ञांनी, वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी. दोघे सह्याद्रीत गावोगाव फिरले, राया मोजल्या, झाडांच्या याद्या केल्या, गुरवांशी बोलले. १९७३ पासून त्यांचे निबंध प्रसिद्ध होऊ लागले आणि पाहता पाहता हा विषय जगभरच्या अभ्यासकांचा झाला.

त्या सुरुवातीच्या दिवसांतली एक गोष्ट श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची आहे. गावच्या देवरहाटीतली झाडं तोडणीसाठी निश्चित झाली होती. गावकऱ्यांनी वाचवण्यासाठी शास्त्रज्ञांकडे धाव घेतली. गाडगीळ-वर्तकांनी जाऊन पाहिलं तर भोवतालचे डोंगर उघडेबोडके आणि मध्ये हे दाट रान. गावकरी देवीबद्दल बोलले, पण त्याहून जास्त बोलले ते पाण्याबद्दल. रहाटीतून निघणारा ओढा हा त्यांच्या गावाचा आधार होता आणि झाडं गेली तर ओढा आटेल ही त्यांची भीती होती. वनाधिकाऱ्यांपर्यंत हे पोचवल्यावर तोड थांबली.

ही गोष्ट सांगून पुष्कळदा असा निष्कर्ष काढला जातो की आपले पूर्वज थोर पर्यावरणतज्ज्ञ होते आणि विज्ञान त्यांनी श्रद्धेच्या वेष्टनात गुंडाळून ठेवलं. मला हे पटत नाही, आणि या विषयात हात घालणाऱ्या प्रत्येकाने यावर थांबून विचार करावा असं वाटतं. काकांच्या आज्याने गारंबी राखली ती जैवविविधतेसाठी नव्हे. देव तिथे आहे म्हणून राखली. आपण आज त्याच्या तोंडी आपलं विज्ञान घालतो तेव्हा त्याची श्रद्धा लहान करतो आणि विज्ञानही सैल करतो. त्याने राखलेलं रान आज आपल्याला ओढ्याच्या, धनेशाच्या, औषधाच्या रूपाने मोलाचं वाटतं. त्याच्या लेखी तो देवाला दिलेला शब्द होता. शब्द मोडायचा नाही, इतकं साधं.

आणि शब्द म्हणजे काय, तर पथ्य. देवराईचा कारभार जवळून पाहिला की तिथे पूजेपेक्षा पथ्यच अधिक आहे हे ध्यानात येतं. पूजा वर्षातून दोन-चार वेळा, जत्रेला, शिमग्याला, पेरणीआधी. पथ्य तीनशे पासष्ट दिवस. झाड तोडायचं नाही. वाळकं लाकूड न्यायचं नाही, वादळात पडलेलं खोड तिथेच कुजू द्यायचं. पातेरा गोळा करायचा नाही. कोकणातल्या शेतकऱ्याला हे किती जड जात असेल याची कल्पना करा. भाताच्या तरव्याची जमीन भाजायला त्याला दरवर्षी पातेरा, कवळं, शेण जमवावं लागतं आणि बायका त्यासाठी डोंगर पालथे घालतात. तरीही शेतापासून हाकेच्या अंतरावरच्या ढीगभर पातेऱ्याला कुणी हात लावत नाही.

अर्थात पथ्याला वाट ठेवलेली असते. ती वाट म्हणजे कौल. कुणाचं घर जळालं, देवळाचं आढं मोडलं, गावावर काही संकट आलं तर मानकरी जमतात, गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, पाषाणाला ओल्या कळ्या किंवा तांदूळ लावतो आणि देवाला विचारतो. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नाही. दक्षिण कोकणातल्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत कारभारात, आजही लग्नापासून जमिनीच्या वादापर्यंत कितीतरी गोष्टी अशा विचारल्या जातात. बाहेरून बघणाऱ्याला हा योगायोगाचा खेळ वाटेल. पण त्याने काय घडत होतं ते बघा. झाड हवं असलेल्या माणसाला आधी चारचौघांत यावं लागे, गरज उघड सांगावी लागे, सगळ्यांसमोर थांबावं लागे. रात्रीत कुऱ्हाड चालवण्याची सोयच नव्हती. माझ्या मते कळी कुठे पडते त्यापेक्षा हे थांबणं महत्त्वाचं.

सगळ्याच राया सारख्या कडक नाहीत. मावळात पवना धरणाच्या बाजूला अजीवलीची देवराई आहे, वाघजाईची. तिथे भेर्ली माडांची दाटी आहे. ओढ्याकाठी उंचच उंच उभी राहणारी, माशाच्या शेपटीसारख्या पानांची ही झाडं. भेर्ली माडाची माडी काढतात. झाडाला धक्का न लावता त्यातून जे मिळेल ते घ्यायचं, अशी काही रायांची रीत. कुठे हिरडे वेचायला मुभा, कुठे पडलेला आंबा खायला मुभा पण घरी न्यायची नाही. कुठे औषधापुरती साल. वर्तक-गाडगीळांना अशा रायाही भेटल्या जिथे गारंबीची साल न्यायला लोक दूरदूरच्या गावांहून येत, कारण जनावरांच्या औषधासाठी ती लागे आणि तेवढ्या मुलखात तो वेल इतरत्र उरलाच नव्हता.

या पथ्याने काय वाचलं याची यादी करत बसलो तर पुस्तक पुरणार नाही, म्हणून दोनच गोष्टी जरा जवळून.

पहिली धनेशाची. महाधनेश किंवा मलबारी कवड्या धनेश या पक्ष्यांना घरट्यासाठी ढोली लागते, तीही मोठी, कारण पक्षीच मोठा. एवढी ढोली फक्त म्हाताऱ्या झाडाला पडते. सातवीण, बेहडा, जुना रायवळ आंबा. मादी ढोलीत शिरते, आतून विष्ठेने आणि अन्नाच्या चोथ्याने तोंड लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. तीन-चार महिने ती आत कोंडलेली असते. बाहेरून नर वड, उंबर, नांद्रुकाची फळं गळ्यात साठवून आणतो आणि एक-एक करत फटीतून देतो. नर मेला तर आतलं सगळं कुटुंब गेलं. खासगी रानात झाड इतकं म्हातारं होऊच देत नाहीत, जरा जून झालं की व्यापारी येतो. म्हणून कोकणात धनेशाची घरटी शोधणारे पक्षिमित्र आधी देवराईत जातात. धनेशाने खाल्लेल्या फळांच्या बिया मैलभर लांब पडतात आणि त्यांतून पुन्हा रानाला झाडं मिळतात. कधीकाळी कुणीतरी एक सातवीण तोडली नाही, एवढ्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे.

दुसरी गोष्ट पाण्यातल्या रानाची. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे गावाने राखलेल्या रानात एक दलदल आहे. तिच्यात रानजायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत. सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या शाखांपैकी ही एक. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून या झाडांची मुळं चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली जातात. माणूस गुडघे वर करून बसला की दिसतो तशी. खोडाच्या बुडाशी काठ्यांच्या टेकूसारखी आणखी मुळं. अशा दलदली केरळ-कर्नाटकातही तुरळकच राहिल्या आहेत, कारण बारमाही ओल असलेली सपाट जागा म्हणजे सुपारीची बाग करायला उत्तम, आणि माणसाने ती बहुतेक केलीच. महाराष्ट्रात अशी दलदल असेल हे अभ्यासकांना फार उशिरा कळलं. पुढे राज्य शासनाने ती जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. सीमेपलीकडे गोव्याच्या सत्तरी तालुक्यात अशीच एक दलदल राखली गेली आहे. तिचं नावच निरंकाराची राय. ज्याला आकार नाही त्या देवाचं रान.

आता अवघड भाग. श्रद्धा निसर्ग राखते, असं सरसकट वाक्य लिहून प्रकरण पुढे नेलं तर ते खोटं ठरेल. ज्या गावात देवराईतला पातेरा कुणी उचलत नाही, त्याच गावाच्या व्हाळात प्लास्टिकच्या पिशवीसह निर्माल्य सोडलं जातं. नदीला आपण आई म्हणतो, तिची आरती करतो, आणि ती पवित्र आहे म्हणजे ती कशानेच बाटत नाही असं मानून तिच्यात सगळं ढकलतो. इथे श्रद्धा कमी नाही, भरपूर आहे. पण त्या श्रद्धेत पथ्य नाही. नदीने आपल्याला शुद्ध करायचं, आपण तिच्यासाठी काही आवरायचं नाही. देवराईत उलट आहे. तिथे देव माणसाकडून काही मागतो, आणि मागतो ते हेच की हात लावू नकोस. धर्म पर्यावरणाला तारक की मारक, या वादात मला म्हणून फारसा रस वाटत नाही. एकाच माणसाचा एकच धर्म एका जागी रान राखतो आणि दुसऱ्या जागी नदी बुडवतो. विचारायचं ते हे, की त्या जागी त्याला काय सोडावं लागतं.

देवरायांची पडझडही याच धाग्याने समजते. रान जाण्याची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. रस्ते, धरणं, पुण्या-मुंबईच्या चुलींसाठी पेटलेल्या कोळशाच्या भट्ट्या. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत कोकणातल्या कितीतरी राया श्रद्धा संपल्याने गेल्या नाहीत, त्या भक्ती वाढल्याने गेल्या. मुंबईत मंडळ स्थापन होतं, चाकरमानी पै-पै जमवतात. आपण फ्लॅटमध्ये राहतो आणि आपला देव पावसात उभा आहे, हे त्यांच्या मनाला लागतं. जीर्णोद्धार ठरतो. पाषाणांवर स्लॅबचं देऊळ, पुढे सभामंडप, त्यापुढे पत्र्याची शेड, जत्रेला गाड्या लावायला मोकळी जागा, भोवती पेव्हर ब्लॉक. पैसे कमी पडले तर रायेतली चार मोठी झाडं विकायची. झाडं देवाचीच, देवाच्याच कामी आली, यात कुणाला खटकत नाही. वेताळाचा महादेव होतो, काळकाईची संगमरवरी दुर्गा होते. कोंबडा बंद होतो, अभिषेक सुरू होतो. नवा देव घरात राहतो आणि त्याला रानाची गरज नसते.

अशा एका गावात मी एकदा जीर्णोद्धारानंतर गेलो होतो. देऊळ सुंदर होतं, हे खरंच. फरशी लखलखीत, दिव्यांच्या माळा. समितीतल्या एका बाईंनी मला हाताला धरून सगळं दाखवलं. आईच्या आजारपणात त्यांनी देवीला बोललेला नवस, त्यासाठी चार वर्षं बाजूला टाकलेला पगार, हे सांगताना त्यांचे डोळे भरले. मागच्या बाजूला सात-आठ बुंधे होते, जमिनीलगत कापलेले. एकाचा व्यास मी पावलांनी मोजला, साडेतीन पावलं भरला. काय बोलावं कळेना. ज्या मायेने त्यांनी ते उभारलं त्या मायेला मी चूक म्हणू शकलो नाही. त्या बुंध्यांसाठी रडायला मात्र गावात कुणी नव्हतं, कारण देव तर आनंदात होता, आत बसला होता.

म्हणून जुन्या गुरवाचं ते वाक्य, देवाला छप्पर नको, मला नुसती अंधश्रद्धा वाटत नाही. देव उघड्यावर आहे तोवर झाडं हेच त्याचं देऊळ असतं आणि देऊळ कुणी तोडत नाही. त्याला भिंती मिळाल्या की झाडं देवळाबाहेरची होतात.

जुनं ते सगळं सोनं होतं, असंही मला म्हणायचं नाही. देवरायांचे नियम ज्या गावाने केले त्या गावात मान ठरलेले होते आणि अपमानही ठरलेले होते. पहिला नारळ कुणाचा, कुणी कुठल्या झाडापर्यंत यायचं, कुणी मुळीच यायचं नाही, हे जातीने ठरे. पुष्कळ रायांत बायकांना आजही प्रवेश नाही, किंवा पाळीच्या नावाने अडवलं जातं. शिकलेल्या मुलीने हे झुगारलं तर ती बरोबरच आहे. पण तिने ते झुगारताना रानाचं पथ्यही त्याच गाठोड्यात बांधून फेकू नये, असं मनापासून वाटतं. माणसाला माणसापासून दूर ठेवणारे नियम आणि माणसाच्या हाताला झाडापासून दूर ठेवणारे नियम एकाच देवाच्या नावाने आले, तरी ते वेगळे करता येतात. काही गावांत ते होतंही आहे.

श्रद्धेने राखलेलं रान टिकवण्याची अडचण फक्त आपली नाही. इथिओपियाच्या उत्तरेकडच्या पठारावर शेती आणि चराईने जवळजवळ सगळं जंगल संपलं. उरलं ते ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चच्या भोवती, हिरव्या टिकल्यांसारखं. आकाशातून काढलेल्या छायाचित्रात पिवळ्या शेतांच्या मध्ये गोल हिरवं रान आणि त्याच्या मध्यावर चर्चचं छप्पर दिसतं. तिथल्या भाविकांच्या मते झाडं ही चर्चची वस्त्रं. तिथेही गुरं आत शिरतात, कडेकडेने रान खचत जातं. आलेमायेहू वासी या इथिओपियन शास्त्रज्ञाने धर्मगुरूंना सोबत घेतलं आणि शेतातलेच धोंडे रचून रानांभोवती गडगे घालायला सुरुवात केली. कोकणी माणसाला गडगा म्हणजे काय ते सांगायला नको.

कायद्याकडे येतो, पण फार रेंगाळणार नाही. देवरायांच्या जमिनी कागदोपत्री कुणाच्या, हा गुंताच आहे. रायगडात अनेक राया वनखात्याकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक महसूल खात्याकडे. पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्या गावाचं नाव सातबाऱ्यावर क्वचितच. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांच्या प्रकरणात राज्याला या रानांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं, आणि देशभरच्या देवरायांसाठी धोरण आखावं अशी शिफारस केंद्राला केली. ही मोठी गोष्ट आहे. काळजी एवढीच की वन म्हणून नोंद झाल्यावर राखणारं गाव बाहेर आणि खातं आत असं होऊ नये. तसं झालं तर कागदावर रान राहील आणि चिऱ्यापाशी चप्पल काढणारं कुणी उरणार नाही. वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा हक्क दिलेला आहे. तो देवराईसाठी वापरणं हा मला त्यातल्या त्यात सरळ रस्ता वाटतो.

अलीकडे देवराई या नावाने झाडं लावण्याचे उपक्रमही सुरू झाले आहेत. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारातून उभी राहिलेली 'सह्याद्री देवराई' त्यांतली सगळ्यांत ठळक. उजाड माळावर देशी झाडं जगवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण जुनी राय तुटली तर नवी लावू, हा विचार त्यातून कुणी काढू नये. देवराई कुणी लावलेली नसते. तिच्या पाचोळ्यातली बुरशी, खोडातले किडे, ढोलीतला धनेश हे सगळं आपण काहीच न केल्यामुळे आलेलं असतं. काहीच न करण्याला तीन-चारशे वर्षं लागतात.

पावसाळ्यात पुन्हा त्या गावाला गेलो. काकांची तब्येत बरी नव्हती, त्यांचा नातू सोबत आला. मुंबईत नोकरी करतो, गणपतीच्या आधी घर लिंपायला आला होता. चिऱ्यापाशी त्याने न सांगता बूट काढले. आत सगळं बदललं होतं. पाचोळा भिजून काळा पडला होता, जळवा होत्या, आणि पाषाणांमागून उन्हाळ्यात नुसता पाझरणारा झरा आता व्हाळ होऊन वाहत होता. पाषाणांवर पावसाचं पाणी सरळ पडत होतं.

मी शेंग ठेवली होती ती जागा शोधली. शेंग कुजून उकलली होती. कप्पे रिकामे, बिया नव्हत्या. कुणी नेल्या का, असं मी विचारलं. पोराने व्हाळाकडे बोट केलं. गारंबीचं बी आतून पोकळ, पाण्यावर तरंगतं. व्हाळातून ते नदीत जातं, नदीतून खाडीत, आणि पुढे समुद्र. कोकणातल्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेत, शेवाळात आणि कचऱ्यात, पेढ्याएवढं ते चकचकीत बी कधीकधी सापडतं.

"आमी न्हेवक नाय," तो म्हणाला, "पाणी न्हेता."